ऑस्टिन ग्रुपला खुले पत्र: एरर द्या, पण गुपचूप वेगळं उत्तर देऊ नका

प्रति,
ऑस्टिन ग्रुपचे सर्व सदस्य,
तसेच डॅश, बॅश, कॉर्न शेल, झी शेल आणि बिझीबॉक्स सांभाळणारी मंडळी

विषय: शेलच्या आकडेमोडीतले ++ आणि --

सप्रेम नमस्कार.

शेल म्हणजे कमांड आणि स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम; डॅश, बॅश ही अशाच शेलची नावं. युनिक्ससारख्या सिस्टिमसाठी तुम्ही सांभाळता त्या पॉझिक्स स्टँडर्डच्या शेल विभागातलं कलम २.६.४ हे $(( )) मधल्या आकडेमोडीचं कलम. शेलने सी या प्रोग्रामिंग भाषेच्या नियमांनी पूर्णांकांची आकडेमोड करावी असं ते सांगतं आणि मग काही सवलती देतं. त्यातली एक सवलत अशी: साइझऑफ हा ऑपरेटर, आणि व्हेरिएबलच्या नावाच्या आधी किंवा नंतर लागून त्यात एक मिळवणारा ++ आणि एक वजा करणारा --, हे शेलमध्ये असलेच पाहिजेत असं नाही. वाक्य तिथेच संपतं. ज्या शेलमध्ये ते नाहीत, त्या शेलने ++ दिसल्यावर काय करायचं, याबद्दल पुढे अवाक्षर नाही. माझी तक्रार तेवढ्या रिकाम्या जागेबद्दल आहे.

पत्र तुम्हाला आहे, पण मराठीत लिहितोय. तुमच्या कलमांचे परिणाम रात्री-बेरात्री निस्तरणारे पुष्कळजण पुण्यात, नाशकात, ठाण्यात बसलेले असतात आणि त्यांनी हे आधी वाचावं असं मला वाटतं. १९९८ मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिन शहरात पहिली बैठक झाली म्हणून तुमच्या गटाला हे नाव पडलं. आयट्रिपलई, द ओपन ग्रुप आणि आयएसओ या स्टँडर्ड काढणाऱ्या तीन संस्थांचं एकच स्टँडर्ड निघावं म्हणून तुम्ही एकत्र आलात, आणि गटात भाग घ्यायला कुणालाही फी पडत नाही. तेव्हा दार उघडं आहे हे ठाऊक आहे. तुमच्याकडे रीतसर नोंद करायची ती इंग्रजीत करीनच.

एक खुलासा आधीच करतो. खाली आकडे आणि व्हेरिएबलची नावं देवनागरीत लिहिली आहेत, ती वाचायच्या सोयीसाठी. टर्मिनलवर आकडे इंग्रजी आणि नाव रोमन अक्षरांत लागेल. व्हेरिएबलच्या नावात ‘क’ तुमच्या स्टँडर्डला चालत नाही. तो वाद पुन्हा कधीतरी.

आता मुद्दा. समजा क मध्ये ५ आहे आणि स्क्रिप्टमध्ये $((++क)) लिहिलं आहे. बॅश क मध्ये एक मिळवतो आणि ६ देतो. बिझीबॉक्सच्या अ‍ॅश शेललाही ++ कळतो. डॅश मात्र ५ देतो, आणि क मध्येही ५ च राहतात. एरर नाही, वॉर्निंग नाही, एक्झिट कोड शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’. डॅशमध्ये ++ नावाचा ऑपरेटरच नाही, त्यामुळे त्याला तिथे दोन सुटी अधिक चिन्हं दिसतात: अधिक (अधिक ५). गणित म्हणून ते बरोबरच आहे. --क चंही तसंच, उणे (उणे ५), म्हणजे पुन्हा ५.

याच डॅशला $((क++)) दिलं तर? तो लगेच अडतो. दोन अधिकनंतर काहीतरी यायला हवं होतं, ते आलं नाही, अशी तक्रार करून स्क्रिप्ट तिथेच थांबवतो. म्हणजे ज्या शेलला ++ येत नाही तो चिन्ह नावानंतर लागलं की ओरडतो आणि नावाआधी लागलं की गप्प बसतो. हे कुणी ठरवून केलेलं नाही. व्याकरणात एकचल (एकाच किंमतीला लागणारे) अधिक आणि उणे आहेत, ते एकापुढे एक लावता येतात, म्हणून आपोआप घडलेला हा प्रकार आहे. आणि तुमच्या कलमात त्याला कुठेही हरकत नाही. बॅशही स्टँडर्डला धरून, कारण जास्तीचे ऑपरेटर ओळखायची मुभा त्याच कलमात आहे. डॅशही स्टँडर्डला धरून, कारण ++ सक्तीचा नाही. दोघं नियमात, आणि एकाच ओळीची दोन उत्तरं.

हे नुसतं पुस्तकी नाही. लिनक्सच्या उबंटूने २००६ मध्ये, ६.१० या आवृत्तीत, एसएच या सर्वसाधारण नावाने चालणारा शेल म्हणून डॅश बसवला. डेबियनने २०११ च्या स्क्वीझ आवृत्तीत तेच केलं. मॅकवर मात्र एसएच म्हटलं की बहुतेक वेळा बॅशची जुनी ३.२ आवृत्ती समोर येते. त्यामुळे आजचं नेहमीचं चित्र असं: माणूस मॅकवर स्क्रिप्ट लिहितो, कोणता शेल वापरायचा ते सांगणाऱ्या पहिल्या ओळीत इमानदारीत एसएच घालतो, चालवून बघतो, चालते. मग तीच फाइल डेबियनवर उभ्या असलेल्या कंटेनरमध्ये जाते.

आमच्या एका ग्राहकाकडे हेच झालं. डेटाबेस उत्तर देत नसेल तर पाच वेळा प्रयत्न करायचा आणि मग हात टेकून एरर द्यायची, एवढं साधं लूप होतं. मोजणी ++क ने केली होती, क ची सुरुवात शून्यापासून. डॅशमध्ये तो शून्याचा शून्यच राहिला. लूप थांबेना, प्रत्येक फेरीत लॉगमध्ये एक ओळ पडत राहिली, आणि शेवटी फोन आला तो ‘डिस्क भरली’ म्हणून. त्यानंतर डेटाबेस सुरू झालाही. पण भरलेल्या डिस्कवर त्यालाही लिहिता येईना. शोधाशोध आधी डिस्कची, मग डेटाबेसची, मग नेटवर्कची. दोन अधिक चिन्हांवर संशय यायला फार वेळ लागला, कारण एररच कुठे नव्हती. स्क्रिप्ट पहिल्याच फेरीत एरर देऊन मेली असती, तर चहा निवायच्या आत काम झालं असतं.

वजनकाटा बंद पडला तर दुकानदार दुसरा आणतो. दोष असतो तो शांतपणे कमी तोलणाऱ्या काट्यात. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. ++ सक्तीचा करा असं मी म्हणत नाही. डॅश लहान आणि झटपट असावा म्हणून लिहिला गेला, त्याला तसंच राहू द्या. पण जे येत नाही ते ‘येत नाही’ म्हणून सांगायची सक्ती करा.

यावर तुमच्यापैकी कुणी म्हणेल, सी भाषेचा नियम आहे ना. आहे, पण त्यानेच घोळ वाढतो. सी भाषेत मजकूर वाचताना जितका लांब तुकडा बनू शकेल तितका लांब घ्यायचा असतो. त्या स्टँडर्डमध्ये स्वतःच एक प्रसिद्ध उदाहरण दिलं आहे: दोन नावांच्या मध्ये सलग पाच अधिक चिन्हं. माणूस त्याची ‘++ मग + मग ++’ अशी फोड करून अर्थ लावू शकतो, पण सी भाषा ‘++ ++ +’ अशी फोड करते आणि ते चूक ठरतं. या हिशोबाने ५--३ सुद्धा सी मध्ये चूक, कारण -- हा एक अख्खा तुकडा झाला आणि ५ मधून एक वजा करून ५ मध्येच ठेवता येत नाही. आता तुमच्या कलमाने -- ला ऐच्छिक केलं. मग ज्या शेलमध्ये तो नाही तिथे लांब तुकड्याचा नियम -- ला लागू होतो की नाही? तुकडा म्हणून तो आहे पण वापरता येत नाही, की तुकडाच नाही? कलमातून दोन्ही अर्थ निघतात, आणि शेल लिहिणाऱ्यांनी आपापल्या परीने ते काढले आहेत.

हा ५--३ मुद्दाम कुणी लिहीत नाही. तो नकळत तयार होतो. क मध्ये -३ असेल आणि स्क्रिप्टमध्ये $((५-$क)) असेल, तर शेल आधी $क च्या जागी मजकूर ठेवतो आणि मग हिशोब करतो. हिशोबाच्या हातात येतं ते ५--३. उणे तापमान, खात्यावरची उणे शिल्लक, वेळेतला फरक, कुठेही हे होऊ शकतं. बॅश आणि डॅश दोघंही याचं उत्तर ८ देतात, पण वाटा वेगळ्या. डॅशला -- माहीतच नाही. बॅशला माहीत आहे, पण तो पुढे डोकावून बघतो. पुढे नाव नसून आकडा दिसला तर एक उणे परत ठेवून देतो. ही बॅशची समजूतदारी, स्टँडर्डची नव्हे.

आणि ती समजूतदारी पुढच्याच वळणावर संपते. $((ख-$क)) लिहा, ख मध्ये ५, क मध्ये -३. आता हिशोबाला मिळतं ख--३. डॅश म्हणतो ८. बॅशला मात्र नावानंतर -- दिसला, म्हणून त्याने तो ‘ख मधून एक वजा कर’ असा घेतला, आणि मग उरलेल्या ३ चं काय करायचं ते न कळून सिंटॅक्स एरर दिली. त्याच जागी $ न लावता $((ख-क)) लिहिलं असतं तर दोघांनी निमूट ८ दिले असते. तुमच्या कलमात एक वचन आहे: व्हेरिएबलमध्ये साधा पूर्णांक असेल, मग त्याला आधी अधिक-उणे का असेना, तर $((क)) आणि $(($क)) यांचं उत्तर सारखंच आलं पाहिजे. वचन चांगलं आहे, पण ते क एकटा असेपर्यंतच पुरतं. शेजारी एक वजाबाकी आली की मोडतं. ‘$ लावला काय, न लावला काय, सारखंच’ असं कुणी शिकवत असेल तर विद्यार्थ्यांनी तिथे हात वर करावा.

पूर्णांक सोडून दुसरं काही आत असलं तर आणखी गंमत. क मध्ये ‘२+३’ हा मजकूर ठेवा. बॅशमध्ये $((क*२)) म्हणजे १०, कारण तो क ची किंमत आधी स्वतंत्र हिशोब म्हणून सोडवतो. $(($क*२)) म्हणजे ८, कारण तिथे २+३*२ उरतं. डॅशमध्ये पहिल्याला ‘इल्लीगल नंबर’ अशी एरर येते. इथे डॅशचं वागणं मला जास्त आवडतं. बाहेरून आलेला मजकूर हिशोब म्हणून सोडवत बसणं हे सुरक्षेच्या दृष्टीनेही बरं नाही. बॅशमध्ये त्या वाटेने कमांडसुद्धा चालवता येते.

सुरुवातीच्या शून्याबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण त्याने आमच्याकडे दरवर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये स्क्रिप्ट पडतात. महिना ०८ असा आला की बॅश त्याला अष्टमान पद्धतीचा आकडा समजतो, त्या पद्धतीत ८ नसतो, आणि एरर येते. जुलैपर्यंत सगळं सुरळीत. इथे तुमचा नियम स्पष्ट आहे, शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान, आणि निदान एरर तरी येते. पण ०२५ दिलं तर गुपचूप २१ मिळतात. हजेरीपटावरचे किंवा फायलींचे तीन आकडी क्रमांक शेलमध्ये मोजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. झी शेलवाल्यांनी तर हा नियम बाजूलाच ठेवला: त्यांच्याकडे ०२५ म्हणजे २५, अष्टमान हवं असेल तर वेगळा ऑप्शन लावा. तारीख-वेळेतल्या शून्यांनी घोटाळा होतो म्हणून असं केलं, हे त्यांच्या मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलंय. नियम मोडला, पण सांगून मोडला. त्यांच्याबद्दल माझी तक्रार दुसरी आहे. झी शेलमध्ये मूळ सेटिंगवर << हा ऑपरेटर (आकडा पुन्हा पुन्हा दुप्पट करणारा शिफ्ट) बेरजेच्या आधी सुटतो, त्यामुळे $((१+२<<३)) ला बॅश आणि डॅश २४ म्हणतात, झी शेल १७. सी सारखा क्रम हवा तर तिथेही ऑप्शन आहेच. पण मॅकवर २०१९ पासून टर्मिनल उघडलं की झी शेलच समोर येतो, आणि माणसं हिशोब तिथे करून बघतात आणि स्क्रिप्टमध्ये चिकटवतात.

घाताचा  ** हा ऑपरेटर सी भाषेत नाही, म्हणून तुमच्याकडेही नाही. डॅश त्यावर एरर देतो, छान. बॅशमध्ये $((-२**२)) चं उत्तर ४ येतं, शाळेतल्या बीजगणितात -४. यावर वेळ घालवत नाही.

तुम्हाला हे जमत नाही असं नाही, म्हणून तर लिहितोय. त्याच विभागात, एक कलम अलीकडे, $(( या खुणेचा गुंता तुम्ही किती नीट सोडवला आहे. ती खूण आकडेमोडीची असू शकते किंवा सबशेलने (कंसात लिहिलेल्या कमांडसाठी उघडणाऱ्या वेगळ्या शेलने) सुरू होणाऱ्या कमांडचीही. तिथे तुम्ही ‘यात संदिग्धता आहे’ असं उघड लिहिलंत. आधी आकडेमोड म्हणून वाचून बघायचं, ती होऊच शकत नसेल तरच कमांड समजायचं, हे शेलला बजावलंत. आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्यालाही बजावलंत की सबशेल हवा असेल तर दोन कंसांत जागा सोड. दोन्ही बाजूंची जबाबदारी वाटून दिलीत. ++ आणि -- च्या वाट्याला असा एक परिच्छेद का नाही?

सी भाषेच्या मंडळींनीही असंच एक कोडं मिटवलं होतं. उणे आकड्याला भागलं तर उत्तर कोणत्या बाजूला छाटायचं हे त्यांच्या पहिल्या स्टँडर्डने ज्याच्या-त्याच्यावर सोडलं होतं. १९९९ मध्ये ठरलं: शून्याकडे. म्हणून आज $((-७/२)) कुठल्याही शेलमध्ये -३ येतं आणि त्यावर कुणाला पत्र लिहावं लागत नाही. तुम्ही स्वतः २०२४ च्या आवृत्तीत टेस्ट या अट तपासणाऱ्या कमांडमधले ‘आणि’, ‘किंवा’ जोडणारे जुने ऑपरेटर काढून टाकलेत, कारण त्यांचा अर्थ कुठे काय लागेल याचा भरवसा नव्हता. लोकांच्या जुन्या स्क्रिप्ट असूनही काढलेत. चांगलं केलंत.

माझी मागणी त्याहून लहान आहे. ++ किंवा -- यांच्या लगेच पुढे व्हेरिएबलचं नाव आलं, तर शेलने एक तर त्या व्हेरिएबलमध्ये एक मिळवावा किंवा वजा करावा, नाहीतर एरर द्यावी; दोन सुटी चिन्हं समजून पुढे जाऊ नये. बस. --क असं लिहून उणे-उणे क अपेक्षित असणारा माणूस मला अजून भेटायचाय.

ख--३ च्या बाबतीत मी एवढा कडक नाही. तिथे डॅशनेही एरर द्यावी असं म्हटलं, तर आज डेबियनवर बिनबोभाट चालणाऱ्या काही स्क्रिप्ट उद्या पडतील, आणि त्यांचा दोष फक्त एवढाच की एखादी किंमत कधीतरी उणे येते. ते मला नको. तिथे ‘याचा अर्थ अनिर्दिष्ट आहे’ असं स्पष्ट लिहा आणि लिहिणाऱ्यावर टाका की मध्ये जागा सोड किंवा कंस घाल. आज तेही लिहिलेलं नाही, त्यामुळे बॅश चूक की डॅश चूक यावर माणसं उगाच भांडतात.

डॅशच्या मंडळींना वेगळं सांगणं: तुम्हाला स्टँडर्ड बदलायची वाट बघायची गरज नाही. दोन सलग चिन्हं आणि लगेच नाव, एवढं ओळखून थांबायला फार कोड लागू नये. शेलचेक हे टूल अशा ओळीवर आजच इशारा देतं, डेबियनचं चेकबॅशिझम्सही याच कामासाठी आहे. पण सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवतो तो शेल, शेलचेक नव्हे.

आणि इथे वाचणाऱ्या आपल्या लोकांना: तोपर्यंत मोजणी क=$((क+१)) अशीच लिहा. लांब वाटेल, पण ती सगळीकडे चालते. $ लावून आलेली किंमत वजाबाकीत वापरायची असेल तर $((ख-($क))) असा कंस घाला. महिन्याच्या पुढचं शून्य हिशोबाआधी छाटा. आकड्याआधी १०# लावून तो दशमान समजायला लावायची युक्ती बॅशमध्ये चालते, डॅशमध्ये नाही. आणि पहिल्या ओळीत एसएच लिहिलं असेल तर एकदा तरी डॅशखाली चालवून बघा.

इंग्रजी नोंदीत मी वरच्या मागणीचा मसुदा वाक्यासकट देईन. त्यावर तुमचं म्हणणं ‘ही डॅशची अंमलबजावणी आहे, स्टँडर्डचा प्रश्न नाही’ असं असेल, तर तेही नोंदीवर लेखी द्या. मग मी डॅशवाल्यांकडे ते उत्तर घेऊन जाईन. आज तिकडून स्टँडर्डकडे बोट दाखवलं जाईल आणि स्टँडर्डमध्ये बोट ठेवायला वाक्यच नाही.

कळावे.

आपला,
रोज शेल स्क्रिप्ट लिहिणारा एक पुणेकर